सुनेच्या ओटीतला फ्यूज

हसलात ना? मला ठाऊक होतं. उंबरभाटात लग्नाला आलेला प्रत्येक पाहुणा इथेच हसतो. नव्या सुनेच्या ओटीत तांदूळ, नारळ, हळकुंड, मोगऱ्याची वेणी, इथपर्यंत सगळं तुमच्यासारखंच. मग सासू पुढे होते आणि पंपाच्या मेन स्विचमधला तो पांढरा, चिनीमातीचा फ्यूज अलगद ओटीत ठेवते. आता या असे, खुर्च्या ओढून घ्या. मी नारायण चुरी, या गावचा जुना वायरमन. ही हकिकत दुसरं कुणी सांगायला लागलं की मला बसवतच नाही.

ही गोष्ट माझ्या आजोबांच्या वेळची. तेव्हा इथे रहाट होते. बैल गोल गोल फिरायचा, पोहरे वर यायचे, पानवेलींना आणि मोगऱ्याला पाणी जायचं. पलीकडे समुद्र, हाकेच्या अंतरावर. तरी आमच्या विहिरींचं पाणी गोड! त्याचं गुपित जुनी माणसं सांगत, की जमिनीत खाली खारं पाणी आणि वर गोडं, दुधावर साय असते तसं. हलक्या हाताने घेतलंत तर साय मिळते.

मग वीज आली आणि दामोदर राऊतांनी गावातला पहिला पंप आणला. काय तो दिवस असेल हो! पंपाला हार, कुंकू, नारळ, आणि जिलेबीची परात. रीतसर पंपात तांब्याने पाणी भरलं, हवा काढली, दामोदरने बटण दाबलं आणि पाइपातून मनगटाएवढी धार सुटली. म्हणे अख्खा पाडा पाइपाच्या तोंडाशी गोळा झाला. पोरं भिजली, बाया कळश्या घेऊन धावल्या, म्हातारे धारेखाली हात धरून उभे. जो येईल तो म्हणे, अजून थोडा वेळ राहू दे, दामू. दामोदरही हौशी, त्याने राहू दिला. सकाळी लावलेला पंप दुपार झाली तरी चालूच. सगळे पाइपाकडे बघत होते. विहिरीत डोकावून बघायचं एकालाही सुचलं नाही.

पंप घरघरला, धार तुटली, तेव्हा कुठे माणसं विहिरीकडे वळली. तळ उघडा पडला होता आणि बाजूच्या भेगांतून पाणी आत येत होतं. पुन्हा विहीर भरेल म्हणून सगळे खूश. दामोदरची बायको सोनूबाय, तिने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि तिथेच थुंकलं. समुद्र आत आला होता.

महिन्याभरात पानवेली कडेने करपल्या. घराची सगळी भिस्त त्या वाडीवर, आणि वाडीची त्या एका विहिरीवर. पाणी परत गोड झालं नाही तर उंबरभाट सोडून जायचं, याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. दामोदरचं डोकं चालेना. तो म्हणे, उपसून टाकू सगळं खारं, मग गोडं येईल. निघाला पंप लावायला.

सोनूबाय त्याच्या आधी विहिरीवर पोचली. तिने मेन बंद केला, हात पदराला कोरडे पुसले (ओल्या हाताने नाही हं, हे मी प्रत्येक सुनेला बजावतो), फ्यूज उपसला आणि काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला.

"वेली परत लावता येतील," ती नवऱ्याला म्हणाली. "विहीर रुसली तर कुणाला आणाल समजूत घालायला?"

आणि तिने नवस केला. पाणी गोड होईपर्यंत या विहिरीत दोर पडणार नाही, पंप वाजणार नाही, आणि ती स्वतः केसांत फूल माळणार नाही. आम्ही फुलवाले लोक हो. आमच्यात बाई बाजारात निघाली तरी वेणी माळून निघते. गावाला वाटलं, चार दिवसांचा राग आहे. पण वेली डोळ्यांदेखत वाळल्या, मोगरा गेला, दामोदर चिडला, मग गयावया करू लागला. फ्यूज काही गळ्यातून निघाला नाही.

याच काळात घरात सून आली, मथुरा. बिचारीचं नशीब बघा, खाऱ्या विहिरीच्या घरात पडली. टेकडीखालच्या विहिरीवरून रोज सहा खेपा, डोक्यावर दोन हंडे. पहिल्या वर्षी सासूशी भांडायची, म्हणे. दुसऱ्या वर्षी घरातल्या कुणी अर्धा तांब्या जास्त ओतून घेतला तर त्याच्याशी भांडू लागली!

दोन पावसाळे विहिरीने पोटभर पिऊन घेतलं. सोनूबाय दर पुनवेला विहिरीच्या पायऱ्या उतरून घोटभर चाखायची आणि मान हलवायची. दुसऱ्या वर्षी नवरात्र उठलं, त्यानंतरच्या पुनवेला तिने चाखलं आणि मान हलवलीच नाही. ओंजळ तशीच नवऱ्यापुढे धरली. दामोदर प्यायला आणि लहान पोरासारखा रडला. गोड, अहो, गोड पाणी! अख्खा पाडा धावत आला. शेजारच्या वाड्यांतून इतक्या वेण्या आल्या की सोनूबायच्या अंबाड्यावर जागा उरली नाही, असं सांगतात. सांगताना माझ्याच अंगावर काटा येतो, हा बघा.

मग दामोदरने हात पुढे केला. पंप त्याने आणलेला, घर त्याचं. सोनूबायने गळ्यातून फ्यूज काढला आणि त्याच्या हाताला वळसा घालून मागे उभ्या असलेल्या मथुरेच्या ओटीत घातला.

"हिने पाणी डोक्यावरून आणलंय," ती म्हणाली. "कुठे थांबायचं ते हिलाच कळेल."

दामोदरने हात मागे घेतला. त्या दिवशी पंप मथुरेने लावला, विहिरीच्या काठावर बसून, पाण्यावरची नजर न हलवता. आतली पाचवी पायरी दिसली तशी तिने बंद केला. लोक म्हणाले, अजून थोडा वेळ. तिने ऐकलं नाही.

आजही उंबरभाटात प्रत्येक घरी पंप आहे आणि फ्यूज सुनेकडे आहे. लावणाऱ्याने काठावरून हलायचं नाही, पाचवी पायरी दिसली की बंद. आजूबाजूच्या गावांत मे महिन्यात चहासुद्धा खारट लागतो. आमच्याकडे या, पाहिजे तेवढं पाणी प्या.

आणि मी? चाळीस वर्षं अख्ख्या गावाचे फ्यूज बांधले या हातांनी. आज सकाळी तुम्हा मंडळींच्या आंघोळीसाठी पंप लावायचा होता, तर सुनेपुढे जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "नाना, टाकीत किती आहे ते बघून आलात?"

बघितलं नव्हतं. गेलो मग जिना चढून.