चौदा हजार पावलं

श्रीपती चौगुल्यांची बायको गेल्याची बातमी आली, तो सोमवार रोजच्यासारखाच होता. आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या पेशंटांची रांग होती. आशाताई मालन दारातूनच म्हणाली, "मॅडम, कंडक्टरमामांच्या मामी पहाटे गेल्या."

डॉक्टर शर्वरी घोलप हळहळली. मालनला नोंद करायला सांगून तिनं पुढच्या पेशंटच्या दंडाला पट्टा बांधला.

नऊ दिवसांनी ती मोबाइल घेऊन कुंभोजकर सरांच्या घरी गेली. सरांनी चाळीस वर्षं खेड्यात दवाखाना चालवला होता. नाडी कशी धरायची, हे ती त्यांच्याकडेच शिकली होती. काकू, म्हणजे सरांची पत्नी, जाऊन तीन वर्षं झाली होती. सर एकटेच राहत.

"सर, आता तरी मानाल की नाही?"

"काय मानू?"

"हेच, की अ‍ॅप माणसाला चालता करतं. तुम्ही म्हणाला होतात, पेशंटला व्यायाम सांगायचा तर दोन माणसं समोरासमोर लागतात."

"लागतातच."

"मग हे बघा!"

सर खिडकीशी उभे होते. तिनं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. ते तसेच उभे राहिले. चष्मा तेवढा लावला.

"चौगुलेमामा. एसटीतून रिटायर झालेले. दहा वर्षांची शुगर. चाला, चाला म्हणून मी वर्षभर डोकं फोडलं, हलले नाहीत. मनगटावर हा पावलं मोजणारा बँड बांधला, आणि रोज सहा हजार पावलं सुरू! बायको गेली तेव्हा मला वाटलं, संपलं आता. तर उलट नऊ हजार, बारा हजार... काल चौदा! परवा जिल्ह्याच्या बैठकीत मी हेच दाखवणार आहे. अ‍ॅपनं माणूस सावरला, सर."

"भेटलीस त्याला?"

"सुतकात आहेत ते. घराबाहेर पडत नाहीत. आणि भेटायचं कशाला? रोज दिसतायत की मला."

"बाहेर पडत नाही... आणि चौदा हजार."

"परसात चालत असतील."

"असतील. आधीचे दिवस काढ बघू. तासातासाचे."

तिनं काढले. रोज सकाळी सहाला रेघेचा एक उंच सुळका. पुढे दिवसभर सपाट.

"आता हे नऊ दिवस."

सुळका कुठेच नव्हता. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत एक बुटकी रेघ. उंच होत नव्हती आणि तुटतही नव्हती. गवत उगवावं तशी.

शर्वरीनं हे पाहिलंच नव्हतं. ती रोज फक्त खालची बेरीज बघत होती.

"यंत्र चांगलं आहे गं तुझं," सर म्हणाले. "खरं बोलतं. तुझ्या हातातला बँड दे."

त्यांनी तो मनगटावर चढवला आणि चालायला लागले. पुढच्या दारापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. बारा पावलं. वळले. परत बारा.

"सर, चहा राहू द्या, मी करते."

सर दारापर्यंत गेले. वळले. पुन्हा बारा.

"पुरे की सर! या वयात माझ्या अ‍ॅपशी शर्यत लावताय का?"

ती हसत होती, मग हसायची थांबली. भिंत जवळ आली की सर न बघताच वळत होते. नेमके एकाच जागी. तिची नजर खाली गेली. घरभर लाल कोबा होता. त्या दोन दारांमधल्या वीतभर पट्टीत मात्र त्याचा रंग उडाला होता.

पंधरा मिनिटांनी सरांनी मनगट पुढे केलं. "बघ."

तिनं मोबाइल उघडला, मिनिटामिनिटाचे आकडे काढले.

बुटकी, सलग रेघ. गवत.

"घरात कोणी चपला घालून चालतं का गं?" सरांनी विचारलं.

शर्वरी सरांच्या अनवाणी पायांकडे बघायला लागली. शुगरमुळे चौगुलेमामांच्या तळव्याला टाचणी टोचलेली कळत नव्हती. हे तिनंच तपासलं होतं, तिनंच कागदावर लिहिलं होतं. चालताना बूट घाला म्हणून तिनंच बजावलं होतं. आणि नऊ दिवस तो माणूस फरशीवर अनवाणी फिरत होता. रोज संध्याकाळी अ‍ॅप त्याला म्हणत होतं, शाब्बास, उद्या आणखी थोडं!

ती उठली. पर्समध्ये मोबाइल टाकला, पुन्हा बाहेर काढला. "मी आत्ता जाते. केंद्रातून ड्रेसिंगचं सामान घेते आणि आधी पाय बघते. ते शाब्बासही बंद करते."

"कर. पण मोबाइल बंद करू नकोस. ही रेघ त्यालाही दाखव. त्याला स्वतःला ठाऊक नसेल."

"सुतकाचं घर आहे..."

"डॉक्टरला आणि मांजराला सुतकात कोणी अडवत नाही. जा."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

"सर, पाय बघितल्यावर व्यायामाचं काय सांगू?"

"बसायला सांग."

"बसायला?... मी वर्षभर त्यांना उठवतेय सर!"

"आधी तू बस. जमिनीवर, त्याच्या शेजारी. मग तोही बसेल."

शर्वरीनं चपला पायात सरकवल्या. तिची नजर पुन्हा कोब्यावरच्या त्या पट्टीवर गेली.

"आणि तुम्ही, सर? तुम्ही कधी बसलात?"

सर स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले होते.

"मी... अजून बसलेलो नाही."