माळावरचा वळसा

"पण सरळ रस्त्यात वाईट काय आहे, गुरुजी?"

केतकीने हे पुन्हा विचारलं. या वेळी जरा चढ्या आवाजात.

सानप गुरुजी ताटात तांदूळ घेऊन निवडत बसले होते. त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला.

"वाईट काही नाही," ते म्हणाले. "मी एवढंच विचारलं, आधीची वाट वाकडी का होती?"

हे गुरुजी गावातल्या शाळेत भूगोल शिकवायचे. बायको गेल्यावर घर पुतण्याच्या हवाली केलं आणि नदीकाठच्या मठातल्या एका खोलीत येऊन राहिले. अंगावर भगवं नाही, गळ्यात माळ नाही. तरी लोक येऊन पाया पडतात, आणि ते दर वेळी चिडतात.

केतकी उगले त्यांच्या हाताखालून गेलेली. आता पुण्याला कॉलेजात सार्वजनिक धोरण आणि नगरनियोजन शिकते. शेवटचं वर्ष. हा विषय नक्की काय असतो ते गावात अजून कुणाला कळलेलं नाही. 'कलेक्टरच्या खालचं काहीतरी' एवढ्यावर सगळ्यांनी समाधान मानलंय.

शेवटच्या वर्षाला एका खऱ्या जागेचा आराखडा करावा लागतो. बाकीच्या पोरांनी पुण्यातले चौक घेतले. हिने आपलं गाव घेतलं. कॉलेजात कौतुक झालं, नगरपंचायतीनेही तो उचलला. येत्या सोमवारी कामाचा नारळ फुटणार होता, आणि तो गुरुजींच्याच हातून फुटावा असा हिचा हट्ट होता. एवढ्यासाठी ती उन्हातून मठात आली होती.

आराखडा म्हणजे तसा एक रस्ताच. गाव आणि सरकारी दवाखाना यांच्या मधोमध एक माळ आहे. पायवाट त्या माळाच्या कडेकडेने भला मोठा वळसा घालून जाते. मधे काहीही नाही. झाड नाही, विहीर नाही, कुणाचं कुंपण नाही. केतकीने तो वळसा काढून टाकला होता.

"का होती वाकडी?" गुरुजींनी परत विचारलं.

"पूर्वी तिथे काहीतरी असणार. डबकं वगैरे. डबकं आटलं, लोकांची सवय राहिली." केतकी हसली. "आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात हे. माणूस नेहमी जवळची वाट धरतो. धरत नसेल, तर मधे काहीतरी आडवं आहे असं समजायचं."

"मग? काय होतं आडवं?"

"काही नाही ना! मी स्वतः पाहिलंय. सगळा माळ पायाखाली घातला."

"पायाखाली घातलास," गुरुजी म्हणाले.

…

बाहेर कुणीतरी घंटेला हात लावला.

"लोकांना विचारलंस?"

"म्हणजे काय! त्याशिवाय आराखडा पुढे जातच नाही. शाळेच्या हॉलमध्ये बैठक घेतली. पडद्यावर सगळं दाखवलं. हरकती मागवल्या. महिनाभर फळ्यावर सूचना होती." आता तिच्या आवाजात नुसता आनंद होता. "एक हरकत आली नाही, गुरुजी. एकही नाही. आमच्या सरांचा विश्वास बसेना. म्हणाले, असं गाव मी पाहिलं नाही."

"एकही नाही."

"नाही."

"बैठकीत कुणी काही बोललं?"

"सगळे शांत ऐकत होते. आई पहिल्या रांगेत बसली होती. सारखी पदराने डोळे पुसत होती." केतकी थोडी लाजली. "तिला कुठे सवय आहे, मला असं माईकवर बोलताना बघायची."

गुरुजींनी ताट खाली ठेवलं.

"खरं सांगू का," ती म्हणाली, "हा रस्ता मी आईसाठीच केलाय. तिचे गुडघे पार गेलेत. दर आठवड्याला दवाखान्यात जायचं, आणि त्या उन्हात एवढा वळसा घालायचा. मी कितीदा ओरडले, अगं मधून जा. तर म्हणते, नको, इकडून बरं वाटतं. बाबा असते तर त्यांनी तरी ऐकवलं असतं तिला."

"मग?"

"मग परवा मीच हात धरून नेलं. चुन्याने आखणी झालीय ना, त्या रेषेवरून. म्हटलं, या रस्त्यावरून सगळ्यांत आधी माझी आई चालणार."

"चालली?"

"चालली की. निम्म्या वेळात पोचलो."

"काही बोलली?"

"नाही… फक्त चपला काढून हातात घेतल्या. मी म्हटलं, अगं काटे आहेत, घाल पायात. तर म्हणाली, असू दे गं."

गुरुजी खिडकीबाहेर बघू लागले. खिडकीतून नदी दिसत होती, म्हणजे नदीचं कोरडं पात्र आणि त्यात चरणाऱ्या दोन म्हशी. केतकीला वाटलं म्हाताऱ्याचं लक्ष उडालं. ती हातातली नकाशाची गुंडाळी उगाच फिरवत बसली.

"सोमवारी येताय ना?" तिने विचारलं. "दहाला गाडी पाठवते."

"तुझ्या चपला कुठे आहेत?"

"अं? दाराबाहेर काढल्यात."

"का?"

"का म्हणजे? मठ आहे ना हा."

"बरं," गुरुजी म्हणाले. "आणि तुझ्या आईने कुठे काढल्या?"

केतकीची फिरणारी बोटं थांबली. गुंडाळी तिच्या हातात तशीच राहिली.

…

"तिथे काय आहे, गुरुजी?"

गुरुजींनी उठून दार लोटून घेतलं.

"काय आहे तिथे?"

"लहान लेकरांना आपल्यात जाळत नाहीत," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "पुरतात."

केतकीचा चेहरा बघवत नव्हता.

"जन्मतः गेलेली. महिन्या-दोन महिन्यांची. फार तर दात आलेली. पूर्वी दवाखाना नव्हता, फार जायची. बाप एकटा घेऊन जातो. फार तर चुलता बरोबर असतो. दगड ठेवायचा नाही, खूण करायची नाही, मागे वळून बघायचं नाही. आणि घरी येऊन बाईला सांगायचं नाही कुठे ते."

"सगळा माळ?"

"सगळा माळ."

"पण मग कुणी बोललं का नाही?" तिचा आवाज फुटला. "मी हरकती मागवल्या होत्या! महिनाभर…"

"कोण बोलणार? हॉलमध्ये उभं राहून, माईक हातात घेऊन? काय म्हणणार?"

"तुम्ही तरी!" ती आता रागाने बोलत होती, आणि राग तिला बरा वाटत असावा. "सातवीत तुम्ही आम्हाला गावाचा नकाशा काढायला लावला होता. मी विचारलं होतं तुम्हाला. माळावर काय दाखवू? तुम्हीच म्हणालात, कोरं सोड. माझ्या अजून लक्षात आहे. तेव्हापासून मी तिथे कधी काही काढलंच नाही. जिथे काही नाही तिथे कागद कोरा, हे तुम्ही शिकवलंत!"

"कोरं सोड म्हणालो होतो," गुरुजी म्हणाले. "तिथे काही नाही, असं म्हणालो नव्हतो."

"मग सांगायचं होतं!"

"हो. सांगायला हवं होतं." त्यांनी ते सरळ मान्य केलं. म्हातारी माणसं सहसा करत नाहीत. "धीर झाला नाही. निम्म्या वर्गाच्या घरचं कुणी ना कुणी तिथे होतं. बारा-तेरा वर्षांची पोरं तुम्ही. काय लिहायला सांगणार होतो मी, त्या जागेवर?"

केतकीने मान वर केली.

"निम्म्या वर्गाच्या," ती म्हणाली.

"हं."

"माझ्याही?"

गुरुजींनी तांदळाचं ताट पुन्हा जवळ ओढलं. पण बोटं चालेनात.

"गुरुजी…"

"तुझा बाप माझ्या वर्गात नव्हता," ते म्हणाले. "पण जिवाचा होता. एकदा संध्याकाळी आला. मी तेव्हा गावातच राहत होतो. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, हातावर पाणी घाला मास्तर. मी घातलं. नखांत माती होती. घरी तशा हाताने कसा जाऊ, म्हणाला… कुठून आलास ते मी विचारलं नाही. पाणी घालत राहिलो. बराच वेळ धुत होता."

"भाऊ होता?"

"बहीण. तुझ्या आधीची."

"नाव…"

"ठेवायच्या आत गेली."

केतकी रडली नाही. ती रडली असती तर गुरुजींना सोपं गेलं असतं. ती जमिनीकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. मग तिने ते मोठ्याने म्हटलं.

"मी तिला हात धरून नेलं. चालत नव्हती तर ओढलं. म्हटलं, आई, बघ किती जवळ आहे."

…

ऊन खोलीत आत आलं होतं. गुरुजींनी उठून माठातलं पाणी तिला दिलं. तिने पेला घेतला आणि तसाच खाली ठेवला.

मग शिकलेल्या माणसाचं जे होतं ते झालं. दुःख सहन होईना तेव्हा ती कामाला लागली. नकाशाची गुंडाळी सोडून तिने जमिनीवर पसरली. एका टोकावर पेला ठेवला, दुसऱ्यावर गुरुजींचा चष्मा. खिशातून पेन्सिल काढली.

"रस्ता आता थांबणार नाही," ती भराभर बोलू लागली. "ठराव झालाय. निविदा निघालीय. मी उद्या जाऊन नाही म्हटलं तरी माझं कोण ऐकणार? नगराध्यक्षांनी पत्रिका छापल्यात. रस्ता थांबत नसतो, गुरुजी, एकदा ठराव झाला की. पण सरकवता येतो. थोडा सरकवता येतो. इकडे नाहीतर तिकडे. तांत्रिक कारण देता येईल, जमीन भुसभुशीत आहे म्हणून. ते मी बघते. तुम्ही फक्त मला जागा दाखवा."

"कुठली जागा?"

"आमची." तिने माळावर बोट ठेवलं. "बाबांनी कुठे… साधारण तरी सांगा. दवाखान्याच्या बाजूला की गावाच्या? तुम्हाला बोलले असतील कधीतरी. आईला नसतील बोलले, तुम्हाला बोलले असतील. मी तेवढी जागा सोडते. ती जागा रस्त्यात येऊ देणार नाही. आईला मी नेऊन दाखवीन, इथे आहे म्हणून. इथे बस, म्हणेन."

तिने पेन्सिल गुरुजींच्या हातात दिली.

गुरुजींनी ती धरली. ते नकाशावर वाकले. माळ तिथे होता. कोरा. त्यातून तिची रेघ गेली होती, पट्टी लावून मारलेली, लाल. त्यांची पेन्सिल त्या कोऱ्या कागदाच्या वर थोडा वेळ फिरली. एकदा वाटलं, टेकणार.

मग त्यांनी ती जमिनीवर ठेवली.

"सांगा ना," केतकी म्हणाली. आता मात्र ती रडत होती. "नक्की कुठे, गुरुजी?"

"ते कुणालाच ठाऊक नाही, पोरी… म्हणून तर वाट एवढ्या लांबून जाते."