आलाप ही रागाची ललकारी

आलाप चालू असताना घड्याळ बघणाऱ्यांनो, ऐका.

शेंदूरवाडीच्या दरबारात हौसाबाई गायला बसली. पसंत पडली तर दरबारची गायिका, नाहीतर घरी. तिनं यमनचा संथ आलाप सुरू केला आणि राजेसाहेब खेकसले, "हे आऽऽ आऽऽ पुरे! थेट ताना घ्या, नाहीतर चालत्या व्हा!"

बाईनं तानपुरा थांबवला. बाई कसली, वाघीणच ती!

"सरकार, आपण येण्याआधी तुतारी वाजली, चोपदारांनी ललकारी दिली, सगळे उठले, मग आपलं पाऊल पडलं. यमनही राजाच आहे. आलाप ही त्याची ललकारी. उद्या आपण मागच्या दारानं गुपचूप या, मी ताना आधी घेते."

राजेसाहेब ओशाळले. "होऊ द्या ललकारी."

बाई तासभर आळवत राहिली. पहिली तान सुटली, तेव्हा सगळ्यांच्या आधी राजेसाहेब उठून उभे राहिले.