मिटलेलं पोवळं

काचेचे समुद्र घराघरांत नुकतेच येऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. मालवणच्या कुमुदिनीबाईंच्या खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत, मासे आणि जिवंत पोवळ्यांच्या सोबतीला, शंखात राहणारा एक म्हातारा खेकडा होता. पोवळं कुठल्याही जातीचं असो, खेकडेआजोबांनी एकदा बघितलं की नाव पक्कं, अशी त्यांची ख्याती.

एके दिवशी बाईंनी एक तपकिरी, मिटलेलं पोवळं आणून वाळूवर ठेवलं. सगळे आजोबांकडे बघू लागले. त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, पण ओळख पटेना. काहीतरी ठोकून द्यावं असं क्षणभर मनात आलं. मग ते म्हणाले, "मला नाही ओळखू येत."

नारिंगी मासा फिदीफिदी हसला. "अहो, हे तर फूलपोवळं! अगदी गरीब जात. बसवा की आपल्या धाकट्या हिरव्या पोवळ्याला खेटून."

"उमलेपर्यंत वीतभर लांब असू दे," आजोबा म्हणाले. मनातून लाज वाटत होती, तरी ते दोन्ही पोवळ्यांच्या मधे ठाण मांडून बसले.

तिसऱ्या दिवशी बाईंनी खाऊ टाकला, तसं नवं पोवळं उमललं. त्यातून लांब पांढरे धागे निघाले आणि हिरव्या पोवळ्याच्या चार बोटं अलीकडे येऊन थांबले. एका कोळंबीला ते शिवले, तशी डंख बसून ती "आई गं!" करून उडाली.

"हाकला याला!" मासा ओरडला.

"कशाला? आहे तिथे सुखानं राहू दे."

"पण आजोबा, नाव काय याचं?" हिरव्या पोवळ्याने विचारलं.

"ते अजून नाही कळलं, बाळा. पण हात कुठवर पोचतो ते कळलं. शेजारी राहायला तेवढं पुरे."