तेविसावं पान

"बाबा, तुमचं शिक्षण किती? कागदावर लिहायचंय."

"चौथी. पण असं लिही, की एवढी पक्की चौथी अख्ख्या तालुक्यात कोणाची नाही." चांगो हिलमने मिशीवरून बोट फिरवलं. "तीन वर्षं एकाच चौथीत होतो. शेवटी गुरुजीच म्हणाले, आता तू तरी जा, नाहीतर मी जातो."

प्राध्यापिका वसुमती देवस्थळी खळखळून हसल्या. मग हसू आवरून त्यांनी फाइल पुढे केली.

कातकऱ्यांच्या रानकंदांवर बावीस पानं. आदिवासींचं ज्ञान विद्यापीठात शिकवायचंच, म्हणून बाई दोन वर्षं सगळ्यांशी भांडल्या होत्या. सोमवारी मंजुरीची बैठक. चांगोबाबांची संमतीची सही तेवढी राहिली होती. ती नसली तर विषय बारगळणार.

"सगळं आलं यात?"

"सगळं. तुम्ही सांगितलेला शब्दन्‌शब्द."

"बरं..." म्हाताऱ्याने झोपडीच्या दाराशी टेकलेली पहार बाईंच्या हातात दिली आणि त्यांना वाडीमागच्या डोंगरात नेलं. "आता खण."

बाईंनी वाळका वेल ओळखला, पान सातप्रमाणे. खड्डा बाजूने घेतला, पान नऊप्रमाणे. घाम मात्र कुठल्याच पानावर नव्हता. तासाभराने हातभर लांब कंद अख्खा निघाला, आणि बाई महागाच्या बुटांसकट नाचायच्याच काय त्या बाकी राहिल्या.

त्यांनी माती परत लोटली, कंद काखेत मारला आणि निघाल्या.

चांगोबाबा खड्ड्यापाशीच बसून.

"चला ना, बाबा."

बाबा जागचे हलले नाहीत.

"काही चुकलं का?"

बाबांनी हात पुढे करून कंद मागून घेतला. वेलाकडचं चार बोटं डोकं कोयत्याने उतरवलं आणि बाईंच्या तळहातावर ठेवलं.

बाई त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या. हातांनीच माती उकरली, वेल वर राहील असा तुकडा आत ठेवला, माती ओढली.

"हे... हे तर तुम्ही सांगितलंच नव्हतं!"

"तुझ्या हापिसातल्या त्या खुर्चीवर बसून सांगताना मलाच आठवलं नाही, बाय. हे हाताला आठवतं. आणि हातात तेव्हा तुझा चहा होता."

बाबांनी मुंडाशाच्या शेवाने बाईंच्या कपाळावरची माती पुसली, लेकीची पुसावी तशी.

"तेविसावं पान लिहिते," बाई हळूच म्हणाल्या. "मग कराल सही?"

"करीन की. ज्येष्ठात ये. तू लावलंस त्याला कोंब फुटलेला दिसला, की इथंच बसून करीन."

"अहो बाबा, बैठक सोमवारी आहे!"

"मग वेलाला तसं सांग."