भोकरगडची दक्षिण

चौदा सौर पॅनेलं आली, आठ बॅटऱ्या आल्या, तरी भोकरगडाच्या राजवाड्यात जेवणाची पानं वाढली की दिवे विझायचे ते विझायचेच. गडावर विजेची तार कधी चढली नव्हती; जे काय होतं ते या पॅनेलांवर. महाराज विजयध्वज (नावात विजय, पण पत्त्यांच्या डावापलीकडे काही जिंकल्याची नोंद नाही) दोन दिवस अंधारात जेवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी श्रीखंड समजून ठेच्यात बोट बुडवलं आणि ते चाटलं. लगेच सोपानमिस्त्रीला बोलावणं गेलं.

"बॅटऱ्या भरत का नाहीत?"

"महाराज, तुमच्या सांगण्यावरून पॅनेलं पूर्वेला तोंड करून बसवली. दुपारी ऊन पाठीवर जातं. दक्षिणेकडं वळवली, तर दिवसभर मिळेल."

दरबार गारठला. दक्षिण म्हणजे यमाची दिशा! भोकरगडावर दारं-खिडक्या तर सोडाच, तबेल्यातला घोडाही दक्षिणेला तोंड करून उभा राहत नसे. राहिलाच, तर त्याला वळवायला दोन माणसं पगारावर होती.

"हुकूम लिहा," महाराज म्हणाले. "गादीवर बसलेल्या राजाचं तोंड ज्या दिशेला, पॅनेलांचं तोंडही त्याच दिशेला. आणि परवा दिवे विझले, तर मिस्त्रीनं बिऱ्हाड घेऊन गड उतरावा!"

महाराज बसायचे पूर्वेला तोंड करून. हुकमावर शिक्का उमटला, आणि प्रधानजींनी "काय हा न्याय!" म्हणून मान डोलावली. अर्थ समजल्यावर डोलवायची त्यांना सवय नव्हती.

सोपान घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. गडाखाली त्याचं ना घर, ना शेत. त्याची लेक हौसा अंगणात कुरडया वाळत घालत होती. बापाचं तोंड पाहून, हुकूम ऐकून तिला गलबलून आलं आणि महाराजांचा राग आला.

"आबा, उद्या सकाळी नट फिरवायचे पाने घेऊन वाड्याच्या गच्चीवर, पॅनेलांपाशी जाऊन बसा. मी हाक मारली की पॅनेलं वळवायची."

"कुठल्या दिशेला, हौसे?"

"महाराज दाखवतील त्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्या चौकात दरबार भरला. हौसा आली आणि महाराजांच्या उजव्या हाताला, पार कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"महाराज, तुमचा हुकूम न मोडता रात्रभर दिवे जळतील."

"मग समोर येऊन सांग की!"

"समोर आले असते. पण सकाळचं ऊन पूर्वेचं. माझी सावली महाराजांच्या अंगावर पडेल. चालेल?"

"मुळीच नाही!" राजपुरोहित ओरडले. मिस्त्रीच्या पोरीच्या सावलीनं म्हणे राजाचं तेज कमी होतं. तेवढं तेज शिल्लक आहे, हे दरबाराला तेव्हाच कळलं.

मग हौसा तिथूनच बोलू लागली. हळू बोलली, लांबण लावून बोलली, बॅटरीच्या पाण्यापासून सुरुवात केली. महाराजांनी मान वळवली, कान पुढे केला, कंबर मुरडली. शेवटी मान धरली.

"अरे, बघता काय? गादी वळवा तिच्याकडे!"

चार सेवकांनी गादी वळवली. महाराज ऐसपैस बसले.

"आबा, वळवा!" हौसानं गच्चीकडे हाक दिली. वर पान्यांचा खणखणाट सुरू झाला.

"हे काय चाललंय?"

"हुकमाची अंमलबजावणी. राजाचं तोंड जिकडं, पॅनेलांचं तोंड तिकडं."

"अहो, पण ही तर दक्षिण!" पुरोहितांनी कपाळाला हात लावला.

"महाराज, मघापासून तुम्ही दक्षिणेकडंच बघताय. यम दिसला का?"

महाराजांनी नीट निरखून पाहिलं. "नाही. मिस्त्रीची पोर दिसतेय. पण एवढा खटाटोप कशाला केलास?"

"ऊन काही वळवता येत नाही, महाराज. म्हणून तुम्हाला वळवलं."

महाराजांचा चेहरा क्षणभर लाल झाला. मग ते जे हसायला लागले, ते पोट धरून मागे रेलले. हसू ओसरल्यावर त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं, सोपानला गडाचा कायमचा मिस्त्री नेमलं आणि गादी होती तशीच दक्षिणेला राहू दिली.