वांझ म्हटलेली फुलं

ऐका गं लेकींनो, ऐका रे बाळांनो. फार फार वर्षांमागं नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावात ठकू नावाची म्हातारी राहायची. तिला दोन सुना, थोरली राही नि धाकटी तुळसा. मुलगे राजाच्या तळ्याच्या कामावर दूर गेलेले, वर्षातून एकदा घरी यायचे. तुळसाला एक तान्हा होता, भिवा. राहीची कूस मात्र रिकामी होती.

भिवा जन्मला तो मुठीएवढा. तुळसाला दूध पुरेना. तेव्हा राहीनं शेळीचं दूध कापसाच्या वातीनं थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडलं, नि असा तो जगला. आता रांगायला लागला होता, पण घास घ्यायचा तो राहीच्याच हातचा.

राहीनं अंगणात लाल भोपळ्याचं बी लावलं होतं. बी फुगलं, फुटलं, खाली मूळ गेलं, वर दोन जाड पानं आली. मग वेल सरसर मांडवावर चढला नि पिवळीधमक फुलं आली. काही फुलांच्या मागं सुपारीएवढा इवला भोपळा, काहींच्या मागं नुसताच देठ.

नुसत्या देठाची फुलं ठकूच्या डोळ्यांत खुपायची. "मेली वांझ फुलं! वेलाचं फुकट खातात," म्हणायची नि भज्यांसाठी खुडायला धावायची.

राही तिचा हात धरायची. "आत्याबाई, चार घ्या, बाकीची असू द्या. माझी आई असंच करायची."

"का म्हणून?"

"ते नाही बाई मला ठाऊक."

एक दिवस पाणवठ्यावर एक बाई फिदीफिदी हसत म्हणाली, "काय गं ठकू, सुना दोन नि पाळणा एकच?" ठकूच्या ते जिव्हारी लागलं. घरी आली, नुसत्या देठाचं एक फूल खुडलं नि राहीच्या ओंजळीत टाकलं.

"हे बघ नि स्वतःला बघ. जा तुझ्या भावाकडं."

राहीनं फूल पदरात बांधलं नि निघाली. भिवा कुंपणापर्यंत तिच्यामागं रांगत गेला. तिनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाऊल उचललं नसतं.

आता ठकूला अडवणारं कुणी उरलं नाही. रोज सकाळी फूल उलटून बघायची, मागं भोपळा नसला की खुडायची. वाटलं, सगळा जोर आता फळांना जाईल. पण इवले भोपळे पिवळे पडले, सुरकुतले नि पटापट गळाले. घरात भिवाचंही तेच. तुळसा घास पुढं करायची, तो तोंड मिटून कुंपणाकडं बघायचा. अंग तापलं, मग रडणंही थांबलं.

"आत्याबाई, माझं पोर हातचं चाललं हो," तुळसा म्हणाली.

ठकू मांडवाखाली येऊन रडत बसली. तेवढ्यात एक काळा भुंगा आला, एका फुलात शिरला नि लगेच बाहेर पडला.

"मेल्या, तूच माझी फळं गाळतोस!" ठकू ओरडली.

"मी हमाल माणूस, म्हातारे," भुंगा म्हणाला. "नुसत्या देठाच्या फुलात पिवळी पूड असते. ती माझ्या अंगाला चिकटते नि या फुलात सांडते, तेव्हा कुठं मागचा भोपळा धरतो. ती फुलं तू तळून खाल्लीस. आता काय आणू, माझं कपाळ?"

ठकू तशीच उठली. पायांत काही घातलं नाही, दुपार होईपर्यंत चालत राहिली. भावाच्या ओसरीवर राही परक्यासारखी दळत होती. तळहात फोडांनी भरलेले.

ठकू खाली जमिनीवर बसली. "पोरी, मी तुला खुडलं गं. माझ्यासाठी येऊ नकोस, पण..."

राहीनं तिला पुढं बोलू दिलं नाही. "भिवानं काही खाल्लं का, आत्याबाई?"

"चार दिवस नुसत्या पाण्यावर आहे."

राहीनं जातं तसंच सोडलं.

पुन्हा कापसाची वात, पुन्हा शेळीचं दूध. पहिल्या दिवशी भिवानं चार थेंब घेतले. तिसऱ्या दिवशी भोकाड पसरून रडला, नि त्या रडण्यानं सगळं घर हसलं.

वेल तोवर वाळत आला होता. शेंड्याला दोनच फुलं उमलली, एक मागं इवला भोपळा असलेलं, एक नुसत्या देठाचं. ठकूनं दोन्हींना हात लावला नाही. भुंगा येऊन गेला. त्या साली एकच भोपळा धरला.

राहीला मूल झालं नाही, ते शेवटपर्यंत नाहीच. पदरातलं फूल सुकून गेलं, तरी तिनं ते टाकलं नाही. पण मुलगे घरी आले तेव्हा भोपळा चिरला, नि ठकूनं साऱ्या गावाच्या बायका बोलावून त्याच्या बियांनी राहीची ओटी भरली. पुढल्या साली अंगणभर मांडव झाला, भोपळे मावेनात, नि भिवा दोघींनाही आई म्हणून हाका मारू लागला.

ज्याला स्वतःचं फळ नाही त्याला वांझ म्हणू नये, दुसऱ्याचं फळ त्याच्याच जिवावर धरलेलं असतं.